आधी पॅसेंजर, मग कंडक्टर

माझ्या मावशीला डेपोत अजूनही ‘डबल बेल’ म्हणतात. कंडक्टर असताना ती गाडी सोडायची दोन ठोक्यांची घंटा इतक्या जोरात मारायची, की झोपलेले पॅसेंजर दचकून उठत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी ती डेपोच्या कॅन्टीनमध्ये हजर. चहासाठी नाही, तिथला चहा तिच्या मते भांडी विसळलेलं पाणी. ती यायची कोपऱ्यातल्या व्हिडिओ गेमसाठी.

कपाटाएवढं ते मशीन माझ्या शाळेच्या दिवसांपासूनचं. नाणं टाकायची भानगड कॅन्टीनवाल्याने कधीच काढून टाकली होती. खेळ युद्धाचा, पण त्यात मारायचं नसतं, जगायचं असतं. वेढा पडलेल्या शहरात, तळघरात पाच जण अडकलेत: म्होरक्या, एक नर्स, दोघी बहिणी आणि काठी टेकत चालणारा म्हातारा. दिवसा पाव, पाणी, कोळसा वाटायचा, कुणी कुठे जायचं ते ठरवायचं. रात्री मशीनचा दांडा हातात धरून म्होरक्याला गस्तीपासून लपवत गल्लीबोळांतून पळवायचं. शेवटी फाटकापाशी एक ट्रक येतो. गोळीबार जवळ आला की तो कुणासाठीही थांबत नाही.

म्होरक्या सुटला की तुम्ही जिंकलात. म्हणून सगळे शहाणे आधी त्यालाच ट्रकमध्ये चढवतात. मागून जितके येतील तितके येतील. म्हातारा कधीच येत नाही. मीसुद्धा अशीच जिंकलेय. मावशीचं मात्र सगळं उलटं. ती म्हाताऱ्याला आधी काढणार, म्होरक्याला शेवटी. म्हाताऱ्याच्या पावलाने चालता चालता वेळ जायचा आणि ट्रक दोघांनाही टाकून निघून जायचा.

“अगं मावशी, म्होरक्याला आधी बसव ना!” मी शंभरदा सांगितलं असेल.

“कंडक्टर कधी पहिला चढलेला पाहिलायस?”

“हा गेम आहे गं, बस नाही.”

“माणसं न्यायचीत ना? मग झालं तर.”

तिच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. तिला पाचही जणांना न्यायचं होतं. एकही कमी चालणार नव्हता.

का, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. खऱ्या युद्धात शहरातून सुटलेल्या शेवटच्या बसवर ती कंडक्टर होती. बस खचाखच भरलेली आणि बॅटरी मेलेली. काका, म्हणजे तिचा नवरा, डेपोतला मेकॅनिक. डेपोबाहेरच्या उतारावर त्याने मागून खांदा लावून बस ढकलली. इंजिन धडधडलं आणि तेवढ्यात तोफगोळे पडायला लागले. मावशी मागच्या दारात उभी. एक घंटा दिली असती तर बस थांबली असती, पण परत सुरू झाली नसती. तिने दोन दिल्या. मागच्या काचेतून काका लहान लहान होत गेलेला तिने पाहिला. तो पुन्हा कुणालाच दिसला नाही. यासाठी तिला कुणी कधी बोल लावला नाही, ती स्वतः सोडून.

परवा कॅन्टीन कायमचं बंद झालं. मशीन भंगारात निघालं. टेम्पोवाला दोरखंड घेऊन आला तेव्हा मावशी दांड्याने सोललेल्या अंगठ्याला पट्टी गुंडाळून खेळत बसलेली.

“बाई, आटपा.”

“माणसं चढतायत,” ती मान न वळवता खेकसली. तो बिचारा मुकाट्याने स्टुलावर बसला.

या वेळी तिने वेगळाच डाव टाकला होता. रोज रात्री म्हाताऱ्याला एकेक घर पुढे, फाटकाच्या दिशेने हलवायचं. त्याला पाव जास्त, म्होरक्याला कमी. ट्रक आला तेव्हा म्हातारा फाटकाशेजारच्याच दुकानात होता. नर्स चढली. बहिणी चढल्या. मी श्वास रोखून उभी, आणि टेम्पोवालासुद्धा उठून माझ्या खांद्यावरून बघायला लागला.

म्हातारा ट्रकच्या फळीशी अडखळला. गोळीबार अगदी जवळ आला.

“मावशी, सोड त्याला! तू उडी मार!” मी ओरडले.

तिने दांडा म्हाताऱ्याकडे वळवला. म्होरक्याने त्याला मागून खांदा लावला, म्हातारा आत पडला, आणि ट्रक सुटला. म्होरक्या फाटकापाशी एकटा राहिला. पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही हरलात.

मला रडूच कोसळलं. एवढी मेहनत, आणि आता मशीनही जाणार. एरवी ती अक्षरं दिसताच मावशी बटण ठोकून नवा डाव मांडायची. आज तिचा हात हललाच नाही. अक्षरांच्या मागे ट्रक रस्त्याने दूर चालला होता आणि त्याच्या हौद्यात चार डोकी दिसत होती.

“म्हणजे तुझ्या काकाला हे दिसलं,” ती म्हणाली. “मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला फक्त मी दिसले, टाकून जाताना. त्याला भरलेली गाडी सुटताना दिसली गं.”

तिने पदराने काच पुसली, वायर स्वतः काढली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, “घे आता.”

मशीन चढवून झालं. टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली आणि आरशातून आमच्याकडे बघत थांबला. मावशी मागे गेली आणि टेम्पोच्या पत्र्यावर तिने जोरात दोन थापा मारल्या.