वेगळा गिलास

बाबांच्या घशाखाली भात उतरेना, तेव्हा गोंदियाच्या डॉक्टरांनी त्यांचे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन लाल झालेले दात पाहिले आणि निकाल देऊन टाकला. "कैंसर है. घर ले जाओ, जो मन करे खिलाओ." पेजसुद्धा छातीत अडकणाऱ्या माणसाला काय खिलवायचं, ते मात्र सांगितलं नाही.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. शेजारीच काकांचं घर. तिथे बाबांसाठी स्टीलचा वेगळा गिलास निघाला. पाणी त्यातच द्यायचं, मग तो गोठ्याच्या कोनाड्यात उपडा. मी विचारलं तर काका म्हणाले, "घरात लहान लेकरं आहेत पोरी. असा रोग लागते म्हणतेत."

हे काका शिक्षक, बाबांनी मजुरी करून शिकवलेले. पूर्वी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, वळचणीला आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी खोचलेली असायची. ती अंगणात आपटून बाबांनी त्याच्याकडचं काम सोडलं होतं. दर चौदा एप्रिलला काका हा किस्सा भरल्या गळ्यानं सांगत आणि टाळ्या घेत. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी बाबांना नागपूरला नेलं. दुर्बिणीतून पाहिलं तर अन्ननलिकेचं आतलं अस्तर साफ होतं. गाठ होती भिंतीतल्या स्नायूत. सर्जन म्हणाले, "हा कॅन्सर वाटत नाही. अशी गाठ क्वचितच सापडते. तपासायला तुकडा काढायचा नाही, नाहीतर अस्तर गाठीला चिकटतं आणि मग सोडवताना फाटतं. अख्खीच काढू." उजव्या बरगड्यांमधून छाती उघडून त्यांनी ती सोलून काढली. रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले, आणि रडता रडता काकांना शिव्या घातल्या.

गावी आल्यावर काकांनी बाबांना घरी बोलावलं. काकूने पाहुण्यांच्या नक्षीदार पेल्यात पाणी आणलं. बाबांनी हात पुढे केला नाही.

"काऊन रे, माहा गिलास कुठी आहे?"

"आता कायले पायजे तो, दादा? तुले तं काही नोहतंच."

बाबा छातीवर हात दाबून उठले, गोठ्यात गेले. गिलास स्वतः विसळला, भरला आणि सगळं पाणी प्यायले. कुठे अडकलं नाही.

"कपबशीची गोष्ट सांगतस ना चौदा एप्रिलले," ते काकांना म्हणाले, "आता याची बी सांगजो."

त्या वर्षीही काकांनी भाषण केलं. त्यात कपबशी नव्हती, गिलासही नव्हता. टाळ्या मात्र पडल्या.