आयली कांगास आणि विझणारी भट्टी

आमच्या मिनेसोटाच्या वरच्या टोकाला जानेवारीत घर ऊबदार ठेवणारी गॅसची भट्टी बंद पडली, की माणसं देवाच्या आधी आयली कांगासला हाक मारतात. चौतीस वर्षं ही बाई लोकांच्या तळघरांत गुडघे टेकतेय. सुरुवातीला तिला दारातूनच हसून घालवणारे महाभागही होते. त्यांतल्या निम्म्यांच्या फ्रिजवर आज तिचा नंबर चिकटवलेला आहे. बोलायला फटकळ, पण भट्टी दुरुस्त झाली नसेल तर झाली म्हणायची नाही. असली माणसं आता राहिलीत किती, सांगा.

त्या शनिवारी सकाळी बोलावणं आलं ते वाइनो पेल्टारींच्या घरून. वय शहाऐंशी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. त्यांची भट्टी पेटायची, दहा-बारा मिनिटं चालायची आणि विझायची. आधी दोघं जण येऊन सुटे भाग बदलून गेले, तरी रड तीच. शेवटी मुलीनं, सिल्वीनं, ठरवूनच टाकलं की बाबाच तळघरात जाऊन खुडबुड करतात आणि विसरतात. वृद्धाश्रमातली खोली नक्की झाली होती, सोमवारी त्यांना हलवायचं होतं. आज आयलीलाही दोष सापडला नाही तर विषय संपला, असं सिल्वीनं दारातच सांगितलं. वाइनो मान खाली घालून ऐकत होते. सिल्वी काही दुष्ट नव्हती हो. बाप गारठून गेला तर काय, या धास्तीनं तिची झोप उडाली होती.

आयलीनं हत्यारांची पेटी उघडलीच नाही. कॉफीचा मग घेऊन ती तळघराच्या पायरीवर बसली आणि भट्टी ऐकत राहिली. पंखा फिरला, ठिणगी पडली, ज्योत धरली. अकराव्या मिनिटाला ज्योत फडफडली आणि विझली. तळघरात तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग तिनं बाहेरची हवा आणणारा पाइप सोडवला आणि भट्टीला तळघरातलीच हवा घेऊ दिली. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली, भट्टी विझायचं नाव घेईना. पाइप परत जोडून तिनं कोट चढवला आणि घराच्या मागं गेली.

आमच्याकडे थंडी पडायच्या आत घराच्या पायाभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचतात, वारा आत शिरू नये म्हणून. जुन्या भट्ट्या छपरावरच्या चिमणीतून धूर सोडायच्या, त्यांना याचं काही नव्हतं. ही नवी भट्टी मात्र भिंतीतल्या दोन पाइपांनी श्वास घेते आणि सोडते. पाइपांपुढं जागा सोडली होती खरी, पण तिच्या तिन्ही बाजूंना छातीइतके गठ्ठे. बाहेर टाकलेला धूर त्या कोनाड्यात कोंडायचा आणि परत आत ओढला जायचा. आयलीनं एकटीनं तेवढे गठ्ठे ओढून बाजूला केले, आत जाऊन तासभर बसली, भट्टी अखंड चालताना पाहिली आणि मगच दोघांना बाहेर बोलावलं.

"हे कुणी रचले होते?"

सिल्वी गोरीमोरी झाली. "मी. बाबांना आता वाकवत नाही."

"मग नीट ऐक. तुझ्या बापानं भट्टीला बोटसुद्धा लावलेलं नाही. तिचा गळा तू आवळलास."

सिल्वीनं तिथंच फोन काढला आणि सोमवारची खोली नको म्हणून कळवलं. वाइनोंचं तिकडे लक्षच नव्हतं. हातमोजा काढून ते उरलेल्या गठ्ठ्यांच्या सांध्यांवरून बोटं फिरवत होते.

"पण आयली, रचलेत कसे बघ," ते म्हणाले. "सुईला शिरायला फट नाही कुठं. मीच शिकवलंय पोरीला."