भावजींनी बरं म्हटलेलं जेवण

आमच्या थोरल्या भावजींइतका संशयी माणूस मालवणात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण तपासणं काही ट्रंकेत गेलं नाही. बाजारात गेले की कोळणीपुढे उकिडवे बसतात, बांगड्याचा कल्ला उघडतात, डोळा दाबतात, पोट दाबतात आणि मग विचारतात, "हो बांगडो कधीचो?" ती म्हणते, "आजचो." "आजचो म्हणजे सकाळचो काय कालचो उरललो?" "आता त्येकाच इचारा भाऊ, तो सांगात तुमका." एवढं होऊन मासे घेतात तिच्याचकडून, कारण बाकीच्या कोळणींवर त्यांचा त्याहूनही कमी विश्वास. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर "तुमी स्वतः घेतास काय ही?" असं त्यांनाच विचारतात. लग्नाचं आमंत्रण करायला कोणी दोनदा आलं तर म्हणतात, "इतक्या आग्रहान बोलावतत म्हणजे जेवणात कायतरी कमी आसतला." एकादशी कधी हे बघायला घरात दोन वेगवेगळी कॅलेंडरं लावलेली. दोन्ही जुळली तर यांना जास्तच शंका येते, एकाने दुसऱ्याचं बघून छापलं असणार.

आणि चांगलं म्हणणं हा प्रकार तर त्यांच्याकडे नाहीच. आमच्या जाऊबाई, म्हणजे भावजींच्या मुलाची, नंदूची आई, सुगरण बाई. जन्मभर तिने यांना रांधून वाढलं आणि जन्मभर यांनी पहिला घास घेऊन "मीठ बघितलंस काय गो?" एवढंच विचारलं. मग तीन वेळा भात मागून घेत. ती मला म्हणायची, "हे बोलाचे थांबले की समज, दुखणा इला." ती गेली त्या वर्षी नंदू बोटीवर होता, प्रवासी बोटीच्या भटारखान्यात. भावजी घरात एकटे राहिले. सकाळ-संध्याकाळ मी डबा पाठवायचे आणि डबा परत येताना त्याबरोबर एक तक्रार यायची. त्यामुळे मला त्यांच्या तब्येतीची काळजी नव्हती.

दोन हजार सहाच्या सुमारास नंदू नोकरी सोडून आला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या पडलेल्या गाळ्यात त्याने मेक्सिकन हॉटेल काढलं. बोटीवर त्याच्या शेजारी एक मेक्सिकोचा आचारी होता, त्याच्याकडून शिकला होता म्हणे. "मासे सगळेच देतात काकी. पर्यटक वाढलेत, त्यांना काहीतरी वेगळं हवं," मला म्हणाला. हंगाम चालला तर इथेच राहीन, नाही चालला तर बोटवाले परत बोलावतायत, हेही त्याने स्पष्ट सांगितलं. भावजींनी जागेला फेरी मारली. "हो मेक्सिको खंय इलो?" नंदूने भिंतीवरच्या नकाशात दाखवलं. भावजींनी मालवणापासून तिथपर्यंत वितीने अंतर मोजलं. "इतक्या लांबचे लोक घरात काय खातत, ता तुका खरा कोण सांगतलो?"

उद्घाटनाला रीतीप्रमाणे घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला हाक मारून सांभाळ म्हणायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा. भावजींनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान हाटेल घातला हा. कोण वाकड्या नजरेन बघीत, कोण खावन तसोच जायत, कोण सिलेंडर हलको देयत, कोण दुदात पाणी घालीत, त्येंचा तू बघून घे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. दूधवालाही गर्दीत होता, त्यालाही म्हणावं लागलं. यादी बरीच लांबली आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी भावजींचा आवाज अगदी खाली आला. "आणि झिलाक परत पाण्यार धाडू नको म्हाराजा." ज्या झिलासाठी, म्हणजे मुलासाठी, हे मागणं होतं तो नंदू तेव्हा आत गॅस पेटवत होता. मी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं, आणि होकारही मी एकटीनेच दिला.

त्या दिवशी ते जेवले मात्र नाहीत. "पयल्या दिवशी सगळेच बरा करतत," म्हणाले. पुढच्या आठवड्यात न सांगता जायचं ठरलं, सोबत मला नेलं. दुपारची वेळ, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. भावजींनी ग्लास उजेडात धरून पाहिला, टेबलाखाली डोकावले, मग पंख्याकडे बघितलं. नंदूने समोर ताट ठेवलं. मक्याच्या भाकरीत काहीतरी घालून गुंडाळी केलेली. "ह्या गुंडाळलंस कित्याक? लपवचा काय होता?" म्हणत त्यांनी ती पुरती उलगडली आणि आतला राजमा चमच्याने चाळला. मला विचाराल तर जेवण फसलं होतं. भाकरी कोरडी, दुमडली की तुटणारी. राजमा वाटलेला आणि गार. तिकडे मेक्सिकोत कसलं तरी हिरवं फळ वापरतात, ते इथे कुठे मिळणार, म्हणून नंदूने मटार वाटून लावला होता. वर दही आणि डब्यातलं चीज. पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही. घरी जाऊन सोलकढी प्यायची, एवढंच माझ्या मनात होतं.

भावजी काही न बोलता सगळं जेवले. नंदू टेबलाशी फडकं घेऊन उभा. मी मिठाच्या प्रश्नाची वाट बघत होते. भावजींनी हात पुसले आणि म्हणाले, "बरा आसा."

नंदूने फडकं टेबलावर ठेवलं. "काय म्हणालात?"

"बरा आसा म्हटलंय. चलात."

घरी येताना भावजी खुशीत होते, निदान त्यांच्या मानाने. संध्याकाळी नंदू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. "काकी, आयेच्या हातचा इतकी वर्सा खाल्ल्यानी, कधी बरा म्हटल्यानी? आणि माका एका जेवणात बरा. इतक्या वायट झाला काय, की त्येंका माझी दया इली?" मी म्हटलं, "अरे, तू राहावंस म्हणून बोलले." तो म्हणाला, "ता खराच. पण चांगला झाला आसता, तर मीठ बघितलंस काय म्हणान इचारल्यानी आसता." बापाचा संशय पोरात पुरेपूर उतरला होता. त्याने हंगाम संपेपर्यंत हॉटेल ओढलं, पण जीव लावला नाही, आणि पाऊस लागायच्या आत बोटीवर गेला. भावजी मला कितीतरी दिवस विचारत होते, "मी बरा म्हटलंय ना गो सुलू? मगे गेलो कित्याक?"

मी विषय बदलून उद्याच्या डब्याला काय करू ते विचारायचे.

गेल्या वर्षी, दोन हजार नऊच्या गणपतीत, नंदूचा फोन आला तेव्हा मी भावजींकडेच मोदकाचं सारण ढवळत होते. हवापाणी झालं, गणपतीची सजावट झाली, आणि मग त्याने हॉटेलातल्या त्या जेवणाचं विचारलं असावं. भावजींनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला. "ता?" म्हणाले. "ता जेवण? नाय रे. भाकरी कोरडी होती. राजमो गार. मटार तर माका कळाकच नाय कित्याक घातलंस." मग म्हणाले, "येवन परत कर. मी बसतंय खावक."

पलीकडून काही आवाज येईना. भावजींनी रिसीव्हर माझ्याकडे केला आणि म्हणाले, "बघ गो, लाईन गेली काय?" मी कानाला लावून पाहिलं. लाईन चालू होती.