सिस्टरांनी कुऱ्हाड घरी ठेवली

माझी धाकटी बहीण सदुसष्ट वर्षांची आहे आणि घरात तिला अजून बेबीच म्हणतात. बाहेर ती सिस्टर. चौतीस वर्षं तिने सरकारी इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांच्या हातात हत्यारं दिली. डॉक्टरांनी मागायच्या आत हत्यार हातात पडलं पाहिजे आणि काम संपल्यावर मोजून परत ट्रेमध्ये आलं पाहिजे, ही तिची शिस्त. नवरा लवकर गेला, मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. निवृत्त झाल्यावर तिने एक जुनी जीप घेतली आणि सुटीच्या दिवशी जंगलातल्या कच्च्या वाटांवर गाड्या घालणाऱ्या एका मंडळात नाव नोंदवलं.

मुलाने फोनवर विचारलं, "आई, हे काय वय आहे का?"

"जीप माझ्याहून थकलेली आहे," ती म्हणाली. "तिला कोणी विचारत नाही."

अशा वाटेवर झाड आडवं पडलेलं असू शकतं, म्हणून गाडीत कुऱ्हाड हवी, असं मंडळाच्या नियमांत लिहिलेलं आहे. बेबीने नियम वाचला आणि कुऱ्हाड घेतली. बाकीच्यांनी नियम वाचला आणि बेबीने कुऱ्हाड घेतल्याचं पाहिलं. तिथून सगळं बिनसलं.

तिची कुऱ्हाड म्हणजे पाहण्यासारखी वस्तू होती. जुन्या चामडी पिशवीचं कव्हर तिने पात्याला स्वतः शिवलं होतं. ड्रायव्हरच्या सीटमागे, पातं खाली करून, दोन पट्ट्यांनी ती आवळून बांधलेली असायची. उन्हाळ्यात दांड्याला तेल, प्रत्येक सहलीआधी पात्यावर कानस. मागे बसायचो मी, त्यामुळे हे सगळं मला पाठ आहे. गाडी उलटली तर कुऱ्हाड माझ्या अंगावर येणार नाही, हे ती मला इतक्या वेळा समजावून सांगायची की ती येईल असंच मला वाटू लागलं होतं.

हे सगळं चालायचं एका तळ्यासाठी. जंगलाच्या पोटात, शेवटच्या चढापलीकडे एक तळं आहे असं ऐकून तिने ते मनात धरलं होतं. नऊ वर्षांत पाच वेळा आम्ही तिकडे निघालो आणि पाचही वेळा अर्ध्या वाटेवरून परतलो. एकदा मंडळातल्या बेकरीवाल्याची गाडी चिखलात रुतली आणि चाकांखाली घालायला वाळक्या फांद्या तोडण्यात दुपार गेली. एकदा मंडळातल्याच दातांच्या डॉक्टरांनी तिच्या कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तंबूच्या खुंट्या ठोकल्या, ती निसटून दगडावर आपटली, आणि धार परत आणेपर्यंत उजेड गेला. उरलेल्या तिन्ही वेळा झाडं होती. झाड दिसलं की मंडळाचा लीडर, पाण्याच्या टाक्या विकणारा एक आनंदी माणूस, मागे वळून म्हणायचा, "सिस्टर, फक्त सुरुवात करून द्या." सुरुवात करून दिली की शेवटही तिलाच करावा लागायचा. तोवर वनखात्याच्या नाक्यावरचं फाटक बंद व्हायची वेळ व्हायची. ते पाचला बंद होतं आणि मग सकाळीच उघडतं.

यंदा तिच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला. गुरुवारी ऑपरेशन ठरलं. त्यानंतर त्या जिपेचा लोखंडी क्लच दाबायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं. मुलाने गिऱ्हाईक शोधलं, ते सोमवारी गाडी न्यायला येणार होतं. त्याआधी एक रविवार उरला होता.

तिने मंडळाला निरोप टाकला, "रविवारी तळं. या वेळी माझी कुऱ्हाड मिळणार नाही. प्रत्येकाने स्वतःची आणावी."

मी पहाटे गाडीत बसलो तर सीटमागच्या पट्ट्या रिकाम्या लोंबत होत्या.

"खरंच नाही आणलीस?"

"आणली की मी उतरणार. मला माझी खोड माहीत आहे."

"निदान कानस?"

"कानस आणली तर कुऱ्हाड आणल्यासारखंच झालं, दादा."

या उत्तराशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी नाक्यापर्यंत घातला.

नाक्यावरच्या वनरक्षकाने चारही गाड्या पाहिल्या आणि सांगितलं, "वाटेत पडलेलं असेल ते बाजूला करा. उभ्याला हात लावू नका." तिघा पुरुषांनी एकदम माना डोलावल्या. त्यांनी खरंच कुऱ्हाडी आणल्या होत्या. लीडरची गाडीच्या टपावर सगळ्यांना दिसेल अशी बांधलेली होती, बेकरीवाल्याची नारिंगी दांड्याची होती आणि डॉक्टरांच्या कुऱ्हाडीला रबरी कव्हर होतं. बेबीने तिन्हींकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता गियर टाकला. तिच्या न बोलण्याला मी साठ वर्षं ओळखतो.

साडेबारा वाजता झाड आलं. कमरेएवढ्या जाडीचं खोड, दोन खडकांच्या मधे पाचरीसारखं बसलेलं. दोर लावून ओढून पाहिलं, दोर तुटला. मग तिघे उत्साहाने कुऱ्हाडी घेऊन पुढे गेले. बेबीने घडीची खुर्ची उघडली, सावलीत ठेवली आणि गुडघा सरळ करून बसली.

पाच मिनिटांत कळलं की तिन्ही कुऱ्हाडींना दुकानातून आल्यापासून कोणी धार लावलेली नाही. लीडरची खोडावर आपटून उसळली. बेकरीवाल्याची साल सोलून अडकली आणि ती काढायला दोघे लागले.

"कुठून आणल्यात हो या?" बेबीने बसल्या जागेवरून विचारलं.

"घडवलेलं पातं आहे, सिस्टर. डब्यावर लिहिलं होतं," बेकरीवाला म्हणाला.

"धार लावून घ्यावी, असं लिहिलं नव्हतं?"

"ते बारीक अक्षरात होतं."

मी आयुष्यभर वर्गात शिकवताना पाहिलं, कंपासपेटी नवीन आणणाऱ्या मुलाकडे पेन्सिलीला टोक नसतं. पण त्या मुलांना मी रागावू शकत होतो. इथे मला राग आवरून बसलेल्या बहिणीकडे फक्त पाहता येत होतं. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं प्रत्येक घावाबरोबर आवळत होती.

"अरे, एकाच रेघेत मारू नका," ती शेवटी म्हणाली. "खोड जेवढं जाड, तेवढी वर रुंद खाच हवी. तिरका घाव, मग उलटा तिरका. आणि डॉक्टर, त्यांच्या मागे इतक्या जवळ उभे राहू नका, दांडा कपाळावर येईल."

डॉक्टर दोन पावलं सरकले. बेकरीवाल्याने घाम पुसला. लीडर कमरेवर हात ठेवून वळला, आणि तो काय म्हणणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"सिस्टर, फक्त सुरुवात..."

"नाही."

"पाच मिनिटं. तुमचा हात बसलेला आहे."

"हातासाठी पाय रोवावा लागतो. या गुडघ्याने मी एक तर झाड तोडीन, नाही तर घरी गाडी नेईन. आणि गाडी नेऊन तरी काय सांगू, सहाव्यांदा अर्ध्या वाटेवरून परत आले म्हणून?" मग ती उगाच पदर झटकल्यासारखं ओढणी झटकून म्हणाली, "किती वाजले, दादा?"

"दीड."

"तळं इथून किती?"

डॉक्टरांनी फोनमध्ये पाहिलं. "दोन किलोमीटर. पण सिस्टर, आपण गाड्या घेऊन..."

ती उठली होती. जिपेची किल्ली, जी नऊ वर्षांत मलाही मिळाली नव्हती, तिने बेकरीवाल्याच्या हातात ठेवली. "रस्ता झाला तर गाडी घेऊन या. तीनपर्यंत झाला नाही तर वळवून ठेवा. दुसऱ्या गियरला अडते, तिला ओरडू नका." मग डॉक्टरांच्या हातातली कुऱ्हाड घेतली, पात्यावर रबरी कव्हर चढवलं, दांड्याचं टोक जमिनीला टेकवून वजन देऊन पाहिलं. "ही काठी म्हणून बरी आहे."

खोडावरून तिला पलीकडे उतरवायला चौघे लागलो. आजवर ज्यांच्यासाठी ती थांबली, त्यांनी तिला उचलून पलीकडे ठेवलं आणि तरी तिघेही रुसल्यासारखे दिसत होते.

त्या दोन किलोमीटरला आम्हाला तासाहून जास्त लागला. चढावर ती दर वीस पावलांनी थांबायची. माझा धीर सुटत चालला.

"परत यायचं आहे, हे लक्षात आहे ना?"

"तू मुलांना सहलीला नेताना पण असंच करायचास का?"

"मुलं ऐकायची."

"म्हणून बिचारी पुन्हा यायची नाहीत."

चढ संपला आणि तळं दिसलं. लहान होतं. एका कडेला लव्हाळी, मधे एक अर्धा बुडालेला ओंडका, त्यावर एक बगळा. पाणी तपकिरी. मला, खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. बेबी काठावरच्या दगडावर बसली, बूट काढले आणि डावा पाय हातांनी उचलून पाण्यात सोडला. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेऊन मानेवर ठेवला.

खालून कुऱ्हाडीचे आवाज येत होते. ठक, मग बराच वेळ काही नाही, मग ठक ठक.

"एकाच जागी मारतोय," ती म्हणाली.

"बेबी, तळं बघ."

"बघतेच आहे. कान बंद करता येत नाहीत ना."

थोड्या वेळाने आवाज थांबले. मी म्हटलं, झालं असेल.

"दमलेत," ती म्हणाली, आणि दुसरा पायही पाण्यात सोडला.

सव्वातीनला आम्ही निघालो. उतार गुडघ्याला चढापेक्षा वाईट होता. तिने एकदाही माझा हात धरला नाही आणि ती कुऱ्हाड सोडली नाही. खाली पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. खोड निम्मंही तुटलं नव्हतं. जीप मात्र वळवून, नाक घराकडे करून उभी होती. तिघे तिच्या सावलीत बसून टोस्ट खात होते. आम्हाला पाहताच ओशाळून उठले आणि तिला खोडावरून अलीकडे घेतलं.

बेबीने खाचेत बोट घातलं. "अरुंद," ती म्हणाली.

"सिस्टर, तळं कसं आहे?" बेकरीवाल्याने किल्ली देत विचारलं.

"तळ्यासारखं."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊन बघा. कुऱ्हाडींना धार लावून." तिने डॉक्टरांना त्यांची कुऱ्हाड परत दिली, सीटवर चढून बसली आणि क्लच दाबताना ओठ आवळले. "आता गाड्यांत बसा पटापट. फाटक बंद झालं तर रात्रभर मला तुमच्याशी बोलावं लागेल."