पाऊस थांबला की निघतो

सिंगापूरच्या आमच्या प्लांटमध्ये मोबाइल आत नेता येत नाही. सकाळी गेटपाशी लॉकरमध्ये ठेवायचा, संध्याकाळी घ्यायचा. मी स्वतःच सेफ्टी विभागात असल्यामुळे त्याबद्दल कुरकुर करायचीही सोय नाही. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी लॉकर उघडला, तर मीनलचे अकरा मिस्ड कॉल. माझी बायको नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. कामाच्या वेळात ती मला एकदाही फोन करत नाही, तिथे अकरा... जुरोंग आयलंडहून परतणाऱ्या कंपनीच्या बसच्या पायरीवर उभ्या उभ्याच मी फोन लावला. "नाना गेले," ती म्हणाली. नाना म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. दुपारी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर बसल्या बसल्या गेले. शेजारी आमच्याच इमारतीतले लिम अंकल होते, त्यांनीच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली होती. मग मीनल जे बोलली, ते पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही. "त्यांच्या हातात छत्री होती रे, अर्धवट उघडलेली. कुठे निघाले होते ते?"

कुठे निघाले होते, हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. तीन वर्षं नाना निघतच होते. सासूबाई गेल्यावर तळेगावच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहिले. हृदयाचा एक झटका येऊन गेलेला, त्यात लिफ्ट नाही. मीनल एकुलती एक. तिने आपल्या नावावर त्यांचा लाँग टर्म व्हिजिट पास काढला आणि त्यांना पासिर रिसला आमच्याकडे घेऊन आली. नोव्हेंबर संपत आला होता, म्हणजे इथल्या पावसाचा ऐन भर. विमानतळावरून घरी येईपर्यंत टॅक्सीच्या काचेवर पाण्याखेरीज काही दिसलं नाही. दारात चप्पल काढता काढता नाना मला म्हणाले, "जावईबापू, एवढा पाऊस थांबला की निघतो." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांची तपकिरी सूटकेस त्यांनी पलंगाशेजारी उभी केली, कुलूप लावलं, आणि ती तशीच राहिली. बंद.

ज्यांना कळत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नानांच्या पिढीत लेकीच्या घरी राहणं म्हणजे नामुष्की. नानांच्या वडिलांनी म्हणे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं. भेटायला जाताना सोबत तांब्या न्यायचे. नाना त्या मानाने सुधारलेले. पाणी प्यायचे, जेवायचे, माझ्या हातच्या बिघडलेल्या पोह्यांना चांगलंही म्हणायचे. पण "राहतो" हा शब्द त्यांनी तोंडून कधी काढला नाही. कुणी विचारलं, "नाना, सिंगापूरलाच असता ना हल्ली?" की उत्तर ठरलेलं, "छे हो, आलोय चार दिवस." चार दिवसांची तीन वर्षं झाली, तरी आंघोळीचा टॉवेल ते बाथरूममध्ये ठेवायचे नाहीत. स्वतःच्या खोलीत नेऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घालायचे. पाहुण्याने पसारा करू नये म्हणून.

आणि वाळवणं हाच तर इथला डिसेंबरातला मुख्य उद्योग. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे घालायचे, आभाळ भरून आलं की धावत आत घ्यायचे, थांबलं की पुन्हा बाहेर. दिवसातून चार वेळा. मीनल नि मी कामावर, आमची रेवा शाळेत, त्यामुळे हे खातं नानांकडे गेलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढलेला माणूस. हवेचा वास घेऊन पावसाची वेळ सांगायचा आणि ती दहा मिनिटांच्या वर चुकायची नाही. पाऊस म्हणजे मलायमध्ये 'हुजान', एवढा एकच स्थानिक शब्द ते शिकले. नवव्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहून "हुजान! हुजान!" अशी आरोळी ठोकली की वर-खालच्या पाच-सात खिडक्यांतून काठ्या भराभर आत जायच्या. रेवा कपाळाला हात लावून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, सो एम्बॅरसिंग लाह!" आणि मग स्वतःच खिडकीतून डोकावून कुणी काठी घ्यायची राहिलीय का, ते बघायची.

एकदा मात्र मीनल त्यांच्यावर चिडली. ती लिफ्टमधून उतरतेय, तो समोरून नाना येताहेत, बगलेत कुणीतरी कचऱ्याशी टाकून दिलेली मोडकी छत्री. वाऱ्याने उलटलेली, दोन काड्या लोंबणारी. "नाना, इथे कुणी कचऱ्यातलं उचलत नाही. लोक काय म्हणतील?" नाना म्हणाले, "बरं." आणि छत्री जिथून आणली तिथे ठेवून आले. त्यानंतर घरात मोडकी छत्री आम्हाला कधी दिसली नाही. मीनलचं म्हणणं ऐकणारा जगातला एक तरी पुरुष आहे, याचं मला कौतुक वाटलं.

माझ्या अकलेचा एक नमुना इथे सांगितलाच पाहिजे. आमच्या इमारतीच्या लिफ्टपाशी रंगाची एक रिकामी बादली असते आणि तिच्यात आठ-दहा छत्र्या. ज्याला लागेल त्याने न्यावी, परत आणून ठेवावी. प्रत्येक मुठीला लाल चिकटपट्टीचा एक वेढा, ओळख पटावी म्हणून. दोन पावसाळे मी त्या छत्र्या वापरत होतो. या देशात झाडाच्या फांद्यासुद्धा वेळच्या वेळी छाटल्या जातात, तेव्हा छत्र्याही सरकारच ठेवत असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एका रविवारी ती बादली दाखवून मी नानांना दहा मिनिटं व्याख्यान दिलं होतं. "बघा नाना, याला म्हणतात व्यवस्था. आपल्याकडे एका दिवसात बादलीसकट गायब होईल." नाना बादलीकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "हो ना, व्यवस्था आहे खरी."

गेल्या नोव्हेंबरात तळेगावहून मीनलच्या काकूंचा व्हिडिओ कॉल आला होता. नाना बोलत होते, मी शेजारी भाजी निवडत होतो. मध्येच नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, यंदा मात्र तिकिटाचं बघाच." आवाजात एवढी निकड की मी चमकलो. "बघतो नाना," म्हणालो. आणि बघितलं नाही. डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला नाही म्हटलं होतं, तळेगावात त्यांच्यासोबत राहणारं कुणी नव्हतं, कारणं सगळी खरी होती. पण खरं कारण हे की नाना घरात असले की घर भरलेलं वाटायचं आणि ते मला हवं होतं. मी त्यांना स्पष्ट नाही म्हणालो असतो, तरी चाललं असतं. मी नुसतं 'बघतो' म्हणत राहिलो. पाऊस थांबला नाही, तिकीट निघालं नाही आणि जानेवारीत ते गेले.

अंत्यसंस्कार इथेच केले. काकू फोनवर रडल्या आणि रडता रडता बोलल्या, "किती म्हणत होते परत यायचंय म्हणून. शेवटी लेकीच्या दारातच..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण आम्हाला ते पुरतं लागलं. मीनलच्या डोळ्यांपुढे त्या दिवसापासून एकच चित्र : नाना छत्री उघडून निघालेत, कुणालाही न सांगता, आणि बाकापर्यंतच पोहोचलेत. "आपण त्यांना कोंडून ठेवलं," ती म्हणायची. "बॅग भरून बसलेला माणूस होता तो. तीन वर्षं भरून बसला होता." मी समजूत घालायचो, पण मलाही तेच वाटत होतं, त्यामुळे माझ्या शब्दांत जोर नसायचा. कामावर मी रोज दुसऱ्यांच्या चुका शोधतो. घरातली मला दिसत होती आणि ती माझीच होती.

महिन्याभराने अस्थी घेऊन मीनल तळेगावला जायची होती. तिने ठरवलं, नानांचीच सूटकेस न्यायची. ते भरून बसले होते, तर ती बॅग तरी घरी पोहोचू दे. किल्ली त्यांच्या दाढीच्या डब्यात सापडली. कुलूप तू उघड म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. झाकण उचललं.

आत कपडे नव्हते. एकही नाही. आत छत्र्या होत्या.

काळ्या, फुलाफुलांच्या, एक लहान मुलाची बेडूक काढलेली. काहींचे नुसते सांगाडे, काहींचं नुसतं कापड व्यवस्थित घडी करून. काड्या लांबीप्रमाणे लावून रबरबँडने बांधलेल्या. पक्कड, जाड सुई, दोऱ्याची रिळं. आणि लाल चिकटपट्टीचं एक गुंडाळं, निम्मं संपलेलं. मी ते हातात घेऊन बघत राहिलो आणि मला त्या रविवारचं माझं व्याख्यान शब्दन्शब्द आठवलं. मीनलने धावत जाऊन त्यांचं कपाट उघडलं. आपले कपडे नाना स्वतः धुवायचे, घडी स्वतः घालायचे, त्यामुळे त्या कपाटात आम्ही कधी डोकावलो नव्हतो. सगळं तिथे होतं. शर्ट, पायजमे, पुण्याच्या थंडीतला स्वेटर, सासूबाईंचा फोटो. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरून लावलेलं, आणि तो कागद तीन वर्षांपूर्वीचा. म्हणजे आल्या आठवड्यातच त्यांनी बॅग रिकामी केली होती!

सूटकेसच्या कोपऱ्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत स्प्रिंगा, पिना, मुठी. झाकणावर कागद चिकटवलेला, आणि त्यावर टूलरूममधल्या लेबलासारख्या त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं : 'पुढच्या पावसाळ्यासाठी'.

मीनलने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती डबा मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता इतकी रडली की रेवा पळत आली. "काय झालं, आई?" "काही नाही गं," मीनल म्हणाली, "आजोबा कुठेच निघाले नव्हते."

उरलेलं लिम अंकलनी सांगितलं. ते निवृत्त बसचालक. रोज दुपारी दोघं त्या दगडी बाकावर बसायचे, लिम अंकल मोडक्या छत्र्या गोळा करून आणायचे, नाना दुरुस्त करायचे. "यू डोन्नो मेह?" तुला माहीत नाही होय, असं ते मलाच विचारू लागले. "होल ब्लॉक नो, लाह!" अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, पण आम्हाला सांगायचं नाही, अशी नानांची ताकीद होती, कारण लेक रागावेल. त्या दुपारीही तेच चाललं होतं. छत्रीची आठवी काडी तेवढी राहिली होती. ते उघडून बघत होते, ताण बरोबर बसतोय का, आणि लिम अंकलना म्हणाले, "होल्ड." अंकलनी छत्री धरली. नानांचा हात सुटला. "नो पेन," लिम अंकल म्हणाले, आणि आपल्या छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाले, "रिअली, नो पेन."

आता मागे वळून बघतो तेव्हा लक्षात येतं, नानांनी तिकिटाची आठवण केली ती दर वेळी चारचौघांत. काकूंचा फोन चालू असताना, दिवाळीला मंडळी जमलेली असताना. आम्ही दोघंच असताना त्यांनी तिकिटाचा 'ति'ही काढला नाही. उलट पास संपत आला, की मीनलच्या आधी त्यांनाच आठवायचं. "ते तेवढं रिन्यू करून टाक बाई, उगाच कटकट नको." आणि पाऊस थांबला की निघतो म्हणे! इथला पाऊस थांबत नसतो, हे हवेचा वास घेणाऱ्या त्या माणसाला पहिल्याच वर्षी कळलं असणार. त्यांचा मानही राहिला आणि मुक्कामही. एवढं सरळ गणित मला सुटलं नाही, याची लाज वाटते. पण छातीवरचा धोंडा उतरल्यावर थोडी लाज वाटली, तर चालतं.

मीनल तळेगावला जाऊन आली, दुसरी बॅग घेऊन. काकूंनी तिथे पुन्हा तोच विषय काढला, चार बायका बसलेल्या असताना. मीनल म्हणाली, "काकू, नाना माझ्याकडे आले नव्हते. राहत होते." एवढंच. परत आल्यावर ती मला हे सांगत होती, तेव्हा तिचा आवाज कितीतरी दिवसांनी नेहमीसारखा होता.

तपकिरी सूटकेस नानांच्या पलंगाशेजारी तशीच उभी आहे, पण कुलूप काढलंय. रविवारी दुपारी मी ती खाली नेतो. लिम अंकल आणि मी बाकावर बसतो, आणि ते मला, माझ्यासारख्या इंजिनिअरला, काडी कशी ओवायची ते शिकवतात. नानांची ती शेवटची छत्री मी पुरी केली. टाका वाकडा आलाय. लाल पट्टी लावून बादलीत ठेवली, तेव्हा ही कोण नेणार, अशी शंका होती. परवा सकाळी कामावर निघालो, तर बाहेर धो धो पाऊस. बादलीत हात घातला. बादली रिकामी. एकूण एक छत्री बाहेर गेली होती, माझीसुद्धा. बसच्या थांब्यापर्यंत मी चांगला भिजत गेलो. सेफ्टी विभागाचा माणूस चिंब होऊन एकटाच हसतोय, हे बघून ड्रायव्हरने विचारलं, छत्री नाही का? मी म्हटलं, आहेत, संध्याकाळपर्यंत येतील परत.