आधी तुमी बोला

"आधी तुमी बोला. मी हायच इथं."

समोर कंत्राटदार असो, सरपंच असो की मुंबईहून आलेला मालक, भाऊंचं पहिलं वाक्य हेच. मग ते मोबाईल टेबलावर पालथा घालायचे, खुर्ची जराशी मागे ओढायचे आणि ऐकायला लागायचे.

कुंभिवलीपासून आतल्या बाजूला आमचं काम चालू होतं, बंगल्यांच्या वसाहतीचं. भाऊ तिथले साइट इनचार्ज आणि मी त्यांच्या हाताखालची इंजिनिअर. मी कर्जतहून स्कूटीवर यायचे, ते साजगावहून. भातशेती करणाऱ्या घरातले. डिप्लोमा करून या धंद्यात पडले आणि केस पांढरे होईपर्यंत इथेच राहिले.

तुम्ही बांधकामावरची मीटिंग पाहिली असेल, तर तुम्हाला ठाऊकच असेल. तिथे आधी आवाज चढतात, मुद्दा मागाहून सापडतो. कधी सापडतही नाही. भाऊंचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. चिडायचे ते एकाच शब्दावर. एकदा प्लंबर जादा माणसं मागायला आला आणि मी सवयीने "बघू" म्हणाले. तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "मॅडम, द्यायची नसतील तर नाय म्हणा. नाय ऐकलं की माणूस घरी जातो. बघू म्हटलं की आपल्या दारात बसून राहतो."

वसाहतीच्या मागच्या अंगाला डोंगराखाली ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. कंपाउंडच्या भिंतीचा पाया खणायला घेतला त्या सकाळी वाडीतल्या बायका येऊन जेसीबीपुढे बसल्या. आमचा सुपरवायझर त्यांच्यावर ओरडत होता. त्या काहीच बोलत नव्हत्या. भाऊ आले. त्यांनी जेसीबी बंद करायला लावला आणि बायकांच्या समोर मातीतच बसले.

"आधी तुमी बोला."

ऊन चढलं तरी ते तिथेच बसून होते. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "आमची मसणवाट हाय ही. भिंत घातली तर आमी आमचं माणूस न्यायचं कुठनं?"

नकाशात ती वाट नव्हती. मालक दुपारी गाडी घेऊन आले, ते तापलेलेच. वाट वसाहतीतून जाणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी त्यांनाही तेच वाक्य ऐकवलं आणि सगळं बोलून होऊ दिलं. मग विचारलं, "साहेब, तुमाला भीती नक्की कसली हाय?"

मालक म्हणाले, "लोक बंगले बघायला येणार. समोरून तिरडी गेली तर कोण घेईल?"

"म्हंजे वाट नको असं नाय. बंगल्यांसमोरून नको. असंच ना?"

भाऊ परत वाडीवाल्यांकडे गेले. वाट ओढ्याच्या कडेने वळवली तर चालेल का, असं विचारलं. पावसात ओढ्याला पाणी असतं, खांदेकरी उतरणार कसे, असं वाडीतून उत्तर आलं. शेवटी ठरलं ते असं: भिंत आत घ्यायची, वाट बाहेरून न्यायची आणि ओढा ओलांडायला मोरी कंपनीने बांधून द्यायची. उठताना बायकांनी अजून एक मागणी केली, सगळ्या वाडीला साइटवर काम द्या. "सगळ्यांना नाय जमायचं," भाऊ तोंडावर म्हणाले. मला वाटलं, सगळं फिसकटलं. पण म्हातारीने मान डोलावली आणि बायका वाडीकडे निघाल्या.

मोरी आधी झाली, भिंत नंतर. भाऊंनीच तसा क्रम लावला होता.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. क्लब हाउसच्या स्लॅबवरून सेंटरिंगवाला आणि सळईवाला यांचं वाजलं. फळ्या तयार नाहीत असं एक म्हणे, तुझीच माणसं आली नाहीत असं दुसरा. भाऊंनी दोघांना केबिनमध्ये बसवलं. मी होते. दोघे एकमेकांवर तुटून पडले. भाऊंनी कोपरं टेबलावर टेकली, कपाळ हातांवर ठेवलं, डोळे मिटले. भांडण लांबलं की ते असेच बसायचे, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. सळईवाला बोलला. सेंटरिंगवाला बोलला. मग दोघेही गप्प झाले आणि भाऊ काय म्हणतात याची वाट बघत बसले.

मी हाक मारली. मग हात लावला.

दोघांनी त्यांना उचलून गाडीत घातलं, एकाने डोकं मांडीवर घेतलं, एकाने पाय. खोपोलीच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर येऊन जे सांगायचं ते सांगून गेले. आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. मी समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते. सगळा वाचला, परत वाचला. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

साजगावला मातीला वाडीतल्या बायका आल्या होत्या. मागे उभ्या राहिल्या आणि सगळं उरकल्यावर गेल्या. त्या दोघा कंत्राटदारांनी पुढच्या आठवड्यात स्लॅब टाकला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. फळ्या होत्या, माणसं होती.

भाऊंचं केबिनमधलं सामान द्यायला मी त्यांच्या घरी गेले. चष्मा, डबा, एक स्वेटर. त्यांच्या बायकोने चहा केला आणि त्या समोर बसल्या.

"तुमच्याकडं लय बोलायचे म्हणं."

"ऐकायचे जास्त."

"घरी नाय गं. आले, जेवले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला वाटायचं, दिवसभर लोकांचं ऐकून कान भरले असतील. मग मी पण सांगायचं सोडून दिलं." त्यांनी स्वेटरची घडी मोडली आणि परत घातली. "शेवटचं काय बोलले?"

मी रस्ताभर हाच प्रश्न टाळत आले होते. काहीतरी चांगलं सांगता आलं असतं.

"पंखा कमी करा म्हणाले. कागद उडत होते."

"येवढंच?"

"एवढंच."

त्यांनी स्वेटर मांडीवर ओढून घेतला.

"केला का मग कमी?"

मला आठवेना.

"केला," मी म्हणाले.