काळूरामला मिशीआडचं ऐकू येत नाही

काळूराम बहिरा नाहीच, सोंग करतो, अशी खाडीकाठच्या त्याच्या गावात पक्की बातमी होती. बातमीला पुरावाही होता. एकदा विहिरीवर कमळी शेजारणीला हळूच म्हणाली, "ह्याला कोन पोरगी देल?" आणि पन्नास पावलांवरच्या बांधावरून काळूराम ओरडला, "तुझी भयीन दे!" कमळीच्या हातून कळशी सुटली. त्या दिवसापासून गावाने ठरवून टाकलं, याला सगळं ऐकू येतं, फक्त कामाचं येत नाही. पुढे सरकारने अपंगांसाठी वर्ग काढले तेव्हा तर गाव म्हणालं, बघा, याच्यासाठीच सांभाळलं होतं सोंग.

खरी गोष्ट अशी की आठव्या वर्षी काळूरामला ताप आला, एकवीस दिवस राहिला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. शाळा दुसरीतच सुटली. आई जिजा चुलीपुढे बसून दिवसभर पुटपुटायची. तिच्या तोंडाकडे बघत बघत पोरगा ओठ वाचायला शिकला. समोरचा माणूस कितीही हळू बोलो, ओठ दिसले की काळूरामला कळलं. स्वतःचा आवाज मात्र त्याच्या ताब्यात नव्हता. गुपित सांगायला लागला तरी ते खाडीपलीकडे जायचं.

ब्याऐंशी साली त्याला ठाण्याहून कार्ड आलं. नोकरीसाठी नाव नोंदवून पाच वर्षं झाली होती. सातिवलीला नुकते कारखान्यांचे गाळे उभे राहत होते, त्यातल्याच एका भाड्याच्या गाळ्यात सरकारने फिटरकामाचा सहा महिन्यांचा वर्ग उघडला होता. हाताने, पायाने, कानाने नाहीतर दहावीच्या गणिताने अडलेली पोरं तिथे घेतली होती; गणितवाल्यांत मी होतो. पास झालं की दाखला, आणि दाखल्यावर एखाद्या गाळ्यात काम. वयाची अट अठ्ठावीस. काळूरामचं सत्ताविसावं संपत आलं होतं, म्हणजे पुढचा वर्ग त्याच्यासाठी नव्हता. घरची भातखाचरं थोरला भाऊ रामू एकटा ओढत होता आणि भाकरी वाढताना रामूची बायको ओठ न हलवताही बरंच बोलायची. तेही काळूरामला कळायचं.

वर्ग घ्यायचे इग्नेशियस मास्तर, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. हाताने सोनं, आणि मिशी अशी की वरच्या ओठावरून उतरून थेट खालच्या ओठावर टेकलेली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना टोकांना तेल लावत. ती मिशी हलली की मास्तर बोलतायत एवढंच काळूरामला समजायचं. काय बोलतायत ते मिशीच्या आत राहायचं.

मग त्याने आपली तोड काढली. लोखंड घट्ट पकडून ठेवणाऱ्या शेजारच्या वाईसवर रिटा होती, पोलिओने गेलेल्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या बांधलेली. ती करेल ते करायचं. रिटाने कानस घेतली की याने घ्यायची, तिने काटकोन तपासायला गुण्या लावला की याने लावायचा. एकदा रिटाच्या हातून लोखंडाच्या तुकड्याचा कोपरा चुकून गोल झाला. यानेही मनापासून गोल केला.

"हे काय आहे? लाडू?" मास्तर म्हणाले. "उभी कानस मार म्हणून घसा सुकला माझा. समजला काय?"

काळूरामने मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

मधल्या सुट्टीत मात्र तो रिटाशी गप्पा मारायचा, घडाघडा. मास्तरांनी हे दोन महिने बघितलं आणि त्यांचं टाळकं सटकलं. "पोरींचं ऐकू येते, मास्तरचं येत नाय? सोंगाड्या!" त्यांनी कागद ओढला आणि ठाण्याच्या साहेबांना लिहून टाकलं. कागद टेबलावर तसाच होता. रिटाने तो उलटा वाचला आणि काळूरामसमोर येऊन शब्द न् शब्द ओठांवर मांडला. 'ऐकू येते. ढोंग करतो. नाव कमी करावे.'

"सोमवारी जाणार हे टपालात," रिटा म्हणाली. "अरे बाबा, सांग ना त्यांना, मिशीमुळे दिसत नाही म्हणून!"

"कसा सांगू? मास्तरचा बापूस हाय ना अजून."

"बापसाचं काय मधेच?"

काळूरामला नवलच वाटलं. एवढं साधं हिला कळत कसं नाही? त्याच्या गावात माणसाची मिशी एकाच दिवशी उतरते, बापाला जाळून आल्यावर. ज्याचा बाप जिवंत आहे त्याला मिशी काढ म्हणणं म्हणजे तुझा बाप मरो म्हणणं. आणि मास्तरांचे नव्वदीचे वडील तर रोज सकाळी वाटेवरच्या ओट्यावर बसलेले असायचे. काळूराम त्यांना रामराम घालूनच वर्गाला यायचा.

"रामराम घालतं मी त्यांना रोज. आनि हितं येऊन त्यांनाच मारू?"

रिटा इतकी हसली की पायाच्या पट्ट्या खुळखुळल्या. "अरे खुळ्या, आम्ही किरिस्ताव! आमच्यात बाप गेला की काळे कपडे घालतात. मिशीचा काय संबंध? माझे पप्पा आजोबांना पुरायला गेले ते मिशीला पीळ देऊन!"

"नक्की?"

"आईशप्पत."

तो शनिवार होता. सुट्टी संपल्यावर काळूराम मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला. हळू बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. शेजारच्या गोदामातले हमालसुद्धा पोतं खाली ठेवून ऐकू लागले.

"मास्तर, तुमचा बापूस शंभर वरसं जगू दे! पन मिशी कापा! मना तुमचा तोंड दिसत नाय!"

गाळ्यात कानशीचा आवाज थांबला. मास्तर उठले, चालत काळूरामच्या पाठीमागे गेले, हातोडा उचलला आणि लोखंडी टेबलावर दाणकन हाणला. वर्ग जागच्या जागी उडाला. रिटाची कानस पायावर पडली, नशिबाने पट्ट्यांच्या. काळूराम मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उत्तराची वाट पाहत उभा होता.

मास्तर हातोडा जागेवर ठेवून, छत्री घेऊन घरी गेले.

सोमवारी ते आले तेव्हा टोकांचा पीळ तसाच होता, पण ओठांवरचं छप्पर साफ उतरवलेलं. खालून दोन पातळ, गुलाबी ओठ निघाले होते, जे गेल्या तीस वर्षांत बहुधा त्यांच्या बायकोनेही पाहिले नसावेत. काळूरामसमोर उभे राहून ते म्हणाले, "कानस उभी. उभी धर, गाढवा."

काळूरामचं तोंड फुललं. मास्तर आपल्याला गाढव म्हणतात हे त्याला दोन महिन्यांत पहिल्यांदा कळलं होतं. तो ठाण्याचा कागद मास्तरांनी ग्रीस पुसायला वापरला.

चार महिन्यांनी परीक्षा आली. ठाण्याहून जीपमधून साहेब उतरले तेच एका गालात पान कोंबून. ते पान मी पाहिलं आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. वर्गातल्या सगळ्यांच्या नकला मी करत असे. साहेब कसे बोलणार ते मी काळूरामला तिथेच करून दाखवलं, गाल फुगवून, ओठ मिटून. आणि पैज लावली. मास्तरांना सांगायला तुला दोन महिने लागले, साहेबाला तू जन्मात सांगणार नाहीस. हरेल त्याने आठ दिवस गाळा झाडायचा.

"लागली," काळूराम म्हणाला.

साहेब टेबलापाशी उभे राहिले आणि गालातल्या गालात म्हणाले, "हूं, आफआफले तुकले घ्या…"

"साहेब, पान थुका!" काळूराम गरजला. "मंग बोला!"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छपराच्या पत्र्याकडे बघत मिशीचं उरलेलं टोक पिळत होते. साहेब बाहेर गेले, थुंकले, चूळ भरून आले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. या वेळी ते आम्हालाही कळलं.

दुपारी त्यांनी काळूरामने बसवलेला जोड खिडकीपाशी उजेडावर धरला, फिरवून फिरवून पाहिला. फटीतून उजेड आला नाही. पास.

दाखले यायला दहा दिवस लागले, तोवर वर्ग चालूच होता. लोखंडाचा कीस फरशीच्या भेगांत जाऊन बसतो, साध्या झाडूने निघत नाही. आठही दिवस मी तो काढत होतो आणि काळूराम दारात उभा राहून, राहिलेला कोपरा मला दाखवत होता. मोठ्याने.